झाकणाच्या आतला नकाशा

(परभणी येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



ज्यांच्या स्मरणासाठी आपण जमलो आहोत, त्या गुरुजींकडे मी विज्ञान शिकलो. पण त्यांची पहिली आठवण वर्गातली नाही, त्यांच्या ओसरीवरची आहे. समोर गावातल्या कुणाचा तरी रेडिओ उघडा पडलेला, रोझिनचा वास सुटलेला, आणि रेडिओच्या मागच्या झाकणाच्या आत चिकटवलेला एक पिवळट कागद. त्या कागदावर रेडिओतल्या प्रत्येक तारेचा नकाशा छापलेला असे. गुरुजी आधी तो कागद वाचत, मग रेडिओला हात लावत. संध्याकाळी आकाशवाणी परभणीचा आवाज पुन्हा त्या घरात पोचलेला असे.

आजच्या फोनच्या मागचे झाकण गोंदाने चिकटवलेले असते आणि त्याच्या आत कसलाही कागद नसतो. हा नाहीसा झालेला नकाशा पुन्हा काढण्याचे काम जगभर काही माणसे करतात. सोडून दिलेल्या जुन्या फोनसाठी ती नवी कार्यप्रणाली बांधतात. गेली अनेक वर्षे मीही हे काम हौसेने करतो आहे. आज त्याविषयी बोलायचे आहे.

सुरुवात मानवत तालुक्यातल्या माझ्या मावशीपासून करतो. तिच्याकडे मुलाचा जुना फोन होता. काच शाबूत, आवाज खणखणीत, बॅटरी नुकती बदललेली. आपल्या राज्यात १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू झाली. आपल्या शेतात कोणते पीक आहे हे शेतकऱ्याने स्वतः फोनवरून, फोटो काढून नोंदवायचे. मावशीच्या फोनने ते ॲप घ्यायलाच नकार दिला. ती स्टेशन रोडवरच्या एका दुकानात गेली. तिथल्या पोराने तपासून सांगितले, ‘मावशी, सॉफ्टवेअर मारावं लागेल.’ त्याने प्रामाणिकपणे मारून दिले. पण त्याच्याकडे होते ते कंपनीचे शेवटचे सॉफ्टवेअर, म्हणजे जे आधीपासून फोनमध्ये होतेच ते. ॲप पुन्हा नाहीच म्हणाले. मावशी मला म्हणाली, ‘बाळा, फोन तर चांगला आहे, मग तो म्हातारा झाला म्हणतात तो कुठून?’

मला तो प्रश्न फार खोल वाटला. फोनमधली चिप झिजत नाही. पहिल्या दिवशी ती जेवढ्या वेगाने बेरीज करत होती, तेवढ्याच वेगाने आजही करते. थांबते ती माणसांची साखळी. गूगल अँड्रॉइडची नवी आवृत्ती काढते, चिप बनवणारी कंपनी आपल्या चिपसाठी ती जुळवून देते, फोनची कंपनी आपल्या कॅमेऱ्यासाठी, पडद्यासाठी, स्पीकरसाठी ती आणखी जुळवते. या तिघांपैकी एकाने हात काढून घेतला की फोन आहे तिथेच अडकतो.

आपल्या ओळखीचे उदाहरण घेऊ. रेडमी नोट ४ हा फोन जानेवारी २०१७ मध्ये भारतात आला आणि त्या वर्षी देशात सर्वांत जास्त खपलेल्या फोनांपैकी एक ठरला. तुमच्यापैकी अनेकांच्या खिशात तो होता. तो अँड्रॉइड ६ घेऊन आला आणि कंपनीकडून त्याला ७ मिळाले. पुढे अँड्रॉइडचा आकडा त्याच्यापुरता तिथेच थांबला. पण या फोनला एक दुसरे नावही आहे, ‘मिडो’. प्रत्येक फोनला असे एक अंतर्गत टोपणनाव असते आणि बांधणारे लोक त्याच नावाने त्याला हाक मारतात. मिडोवर स्वयंसेवकांनी अँड्रॉइड १२ आणि १३ सुद्धा चालवून दाखवले. चिप तीच, काच तीच. त्यांच्या हाती फक्त नकाशा आला होता.

या उद्योगाची मुळे अगदी पहिल्या अँड्रॉइड फोनपर्यंत जातात. एचटीसी ड्रीम हा फोन २००८ मध्ये अमेरिकेत विक्रीला आला. त्याची मेमरी १९२ एमबी. आज एखादा फॉरवर्ड केलेला लग्नाचा व्हिडिओही त्याहून मोठा असतो. कंपनीकडून त्याला १.६ आवृत्तीपर्यंत मजल मारता आली. स्टीव्ह कोंडिक नावाच्या प्रोग्रामरने २००९ मध्ये त्याच्यासाठी स्वतः बांधलेली प्रणाली लोकांना द्यायला सुरुवात केली. तिचे नाव सायनोजेनमॉड. तिने त्याच फोनला २.२ पर्यंत नेले. २००९ मध्येच गूगलने कोंडिकला नोटीस धाडली, की आमची जीमेल, मॅप, मार्केट (आताचे प्ले स्टोअर) ही ॲप तुझ्या प्रणालीत घालून वाटू नकोस. तेव्हापासून अशा प्रणालीत सहसा गूगलची ॲप नसतात. ती हवी असतील तर वेगळी घालावी लागतात. अशा प्रणालीला रॉमही म्हणतात. ‘नवी रॉम टाकली पण प्ले स्टोअर कुठं गेलं’ असे विचारणारे पुष्कळ भेटतात, म्हणून हे सांगितले.

आता मराठी माणसासाठी ही गोष्ट निव्वळ हौसेची का नव्हती, ते सांगतो. इथे मला जरा रेंगाळायचे आहे.

सुरुवातीच्या अँड्रॉइडला देवनागरी येत नसे. मराठी पान उघडले की ओळीने रिकामे चौकोन दिसत. काही जण फोन रूट करून, म्हणजे प्रणालीच्या आतपर्यंतचा हक्क मिळवून, त्यात देवनागरी फॉन्ट टाकत. मीही टाकला होता. चौकोन गेले, अक्षरे आली, आणि मग खरी अडचण दिसली. ‘जिंतूर’ लिहिताना आपण ज नंतर पहिली वेलांटी देतो, संगणकातही ती ज नंतरच साठवली जाते, पण कागदावर ती ज च्या आधी उभी राहते. ‘पूर्णा’ मध्ये र हा ण च्या डोक्यावर रफार होऊन बसतो. ही जागेची अदलाबदल फॉन्ट एकटा करत नाही. त्यासाठी अक्षरांना आकार देणारे एक वेगळे यंत्र प्रणालीच्या पोटात लागते. ते नसल्यामुळे माझ्या फोनवर जिंतूरची वेलांटी ज सोडून पलीकडे सरके आणि पूर्णेचा रफार पाय मोडून खाली पडे. परभणी तेवढी नीट दिसे, कारण तिच्यात ना जोडाक्षर, ना ऱ्हस्व वेलांटी.

ते यंत्र म्हणजे हार्फबझ. बेहदाद इस्फहबोद या इराणी वंशाच्या प्रोग्रामरच्या हातून ते घडले. नाव फारसी आहे, हर्फ म्हणजे अक्षर आणि बाझ म्हणजे खुले. निजामाच्या राज्यात उर्दूतून शिकलेल्या आपल्या आजोबांच्या पिढीला हा ‘हर्फ’ समजावून सांगावा लागला नसता. ऑक्टोबर २०११ मधल्या अँड्रॉइड ४.० मध्ये देवनागरी नीट दिसू लागली. फोनची सगळी मांडणीच मराठीत करण्याची सोय आली ती २०१४ च्या ५.० मध्ये. मध्यंतरी लोकांनी नाना वाटा काढल्या. ऑपेरा मिनी या ब्राउझरमध्ये एक लपलेली सोय होती, ती चालू केली की मराठी मजकूर दूरच्या सर्व्हरवर चित्र होऊन फोनवर येई. वाचता यायचे, शोधता किंवा उचलून घेता यायचे नाही.

आता विचार करा. ज्याच्या हातातला फोन २.३ वर अडकला होता, त्याच्यापुरते मराठी कधी आलेच नसते. त्याने नवा फोन घ्यावा, किंवा कुणीतरी त्याच्या फोनसाठी ४.० बांधावे, एवढेच दोन मार्ग. बांधणारे निघाले. एखाद्या वसतिगृहात रात्री जागणारा इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, आणि त्याच्यामुळे एखाद्या आजीला आपल्या भाषेत वर्तमानपत्र वाचता येणे, हे नाते मला फार मोलाचे वाटते. त्या दोघांची कधी गाठ पडत नाही. पुण्याच्या रेड हॅटमधल्या मंडळींनी वर्षानुवर्षे सांभाळलेले लोहित फॉन्ट हे असेच आणखी एक ऋण. मराठीतला ल आणि श हिंदीतल्यापेक्षा वेगळा दिसतो, ‘वाऱ्या’ मधला अर्धा र वेगळा वळतो, याची काळजी कुणीतरी बसून घेतलेली असते.

हे काम कंपन्यांनीही करून पाहिले. आयआयटी मुंबईतून शिकलेल्या राकेश देशमुख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय भाषांसाठी अँड्रॉइडवर आधारलेली एक प्रणाली उभी केली, आधी फर्स्टटच आणि मग इंडस ओएस या नावाने. २०१५ मध्ये ती मायक्रोमॅक्सच्या युनाइट ३ या फोनवर आली. स्वस्त फोन, आणि पहिल्या दिवसापासून त्यात मराठी. तो प्रयत्न मी मनापासून मोठा मानतो. पुढे ती कंपनी फोनपेने घेतली, आणि २०२४ मध्ये इंडस हे नाव एका ॲप दुकानाच्या पाटीवर आले. सायनोजेनचेही असेच झाले. २०१३ मध्ये तिची कंपनी झाली. मायक्रोमॅक्सच्या यू युरेकावर तिची प्रणाली आली. ती प्रणाली भारतात वापरण्याच्या हक्कावरून डिसेंबर २०१४ मध्ये वनप्लस आणि मायक्रोमॅक्स दिल्ली उच्च न्यायालयात उभे राहिले. आणि ३१ डिसेंबर २०१६ ला त्या कंपनीच्या सेवा बंद झाल्या. पण तिथे एक फरक होता. सायनोजेनमॉडचा स्रोत, म्हणजे मुळातली लिहिलेली आज्ञावली, सगळ्यांसमोर उघडी होती. सेवा बंद झाल्या त्याच महिन्यात स्वयंसेवकांनी ती उचलली आणि लिनिएजओएस हे नाव देऊन पुढे चालवली. आज माझ्यासारखे लोक जे बांधतात ते बहुधा तिच्यावरच.

स्रोत उघडा असणे म्हणजे काय, हे या जिल्ह्यात समजावून सांगायला मला संगणकाची गरज पडत नाही. आपल्या कृषी विद्यापीठाच्या सोयाबीनच्या वाणांचे बियाणे, एमएयूएस-७१ म्हणा, घरचे राखून पुन्हा पेरता येते. संकरित कपाशीचे तसे येत नाही, दरवर्षी पाकीट घ्यावे लागते. २००१ च्या वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला बियाणे राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा, इतकेच काय विकण्याचाही हक्क दिला आहे. फक्त संरक्षित वाण कंपनीच्या शिक्क्याचे पाकीट करून विकता येत नाही. फोनमधल्या प्रणालीचा गाभा, म्हणजे लिनक्स कर्नल, १९९१ मधल्या अशाच एका परवान्याखाली येतो. तो परवाना जीपीएल, दुसरी आवृत्ती. तो सांगतो, की हा गाभा वापरा, बदला, विका, पण जो तुमच्याकडून घेईल त्याला तुमचे बदल स्रोतासकट दिले पाहिजेत. म्हणून अँड्रॉइड फोन विकणाऱ्या कंपनीने त्या फोनच्या कर्नलचा स्रोत देणे ही मेहरबानी नाही, ते तिचे कर्तव्य आहे. आणि पाळले नाही तर? आपण ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ म्हणतो. त्या जर्मनीतल्या म्युनिकच्या न्यायालयाने २००४ मध्ये हाराल्ड वेल्टे या प्रोग्रामरच्या बाजूने निकाल देऊन हा परवाना कोर्टात टिकतो हे दाखवले. फोनच्या नकाशाचा जेवढा भाग आज आपल्या हाती आहे, तो या परवान्यामुळे आहे.

पण सगळा नकाशा हाती येत नाही, आणि खरा घाम तिथेच गाळावा लागतो. कॅमेरा, मोडेम, ग्राफिक्स यांचे तुकडे बंद डब्यातून येतात. त्यांचा स्रोत कुणी देत नाही. आम्ही त्यांना ब्लॉब म्हणतो. चालू फोनमधून ते जसेच्या तसे काढून घ्यायचे आणि नव्या प्रणालीत बसवायचे. जुन्या अँड्रॉइडसाठी तयार झालेला ब्लॉब नव्या अँड्रॉइडला काहीतरी विचारतो, त्याला हवे ते उत्तर मिळत नाही, आणि कॅमेरा काळा पडतो. २०१७ च्या अँड्रॉइड ८ पासून गूगलने कंपनीचा भाग आणि प्रणालीचा भाग यांच्यामध्ये भिंत घातली, तिला ट्रेबल म्हणतात. तेव्हापासूनच्या फोनचे काम सोपे झाले. मावशीचा फोन त्याआधीचा होता.

बांधणीची रीत थोडक्यात सांगतो. आधी स्रोत उतरवायचा. शेकडो लहानमोठ्या पेट्या, सगळ्या मिळून शंभर जीबीच्या वर. आपल्याकडच्या इंटरनेटवर मला त्याला तीन रात्री लागल्या. मग आपल्या फोनचे वर्णन लिहायचे: पडदा केवढा, बटणे किती, साठवणीचे कप्पे कसे पाडलेत. या वर्णनाला डिव्हाइस ट्री म्हणतात आणि माझ्या मते हाच तो झाकणाच्या आतला कागद. मग कर्नल, मग ब्लॉब. आणि शेवटी बांधायची आज्ञा. अँड्रॉइडमध्ये कोणत्या फोनसाठी बांधायचे हे ठरवणाऱ्या आज्ञेचे नाव ‘लंच’ आहे, सायनोजेनच्या मंडळींनी तिला ‘ब्रेकफास्ट’ आणि ‘ब्रंच’ अशी भावंडे जोडली. साध्या संगणकावर हे जेवण कित्येक तास चालते आणि शेवटच्या मिनिटाला एका स्वल्पविरामासाठी मोडू शकते.

तयार झालेली प्रणालीची फाइल, म्हणजे प्रतिमा, लगेच फोनवर लिहायची नसते. आपण चाड्यावर मूठ धरण्याआधी ओल्या गोणपाटात शंभर दाणे ठेवून उगवण पाहतो ना, तशीच सोय इथेही अनेक फोनांत आहे. बूटची, म्हणजे फोन सुरू करणारी, प्रतिमा फोनच्या साठवणीला हात न लावता नुसती मेमरीतून चालवून पाहता येते. उगवली तर पेरायची.

माझ्या पहिल्या फोनला मी ही काळजी घेतली नाही. त्याहून वाईट म्हणजे ईएफएस नावाचा एक छोटासा कप्पा पुसून बसलो. फोनची नेटवर्कवरची ओळख, आयएमईआय क्रमांकासकट, तिथे असते. फोन सुरू झाला, सुंदर दिसला, पण त्याला पुन्हा कधी रेंज आली नाही. तो कप्पा ज्याचा त्याच फोनचा असतो, दुसऱ्याचा आणून चालत नाही. शिवाय आयएमईआय बदलणे हा आपल्या देशात गुन्हा आहे, आणि तो असायलाच हवा. तेव्हापासून कुणाचाही फोन हाती आला की मी आधी त्या कप्प्याची प्रत काढतो, मग चहा पितो.

मावशीच्या फोनचे सांगायचे राहिले. प्रणाली उभी राहिली, फोन लागला, व्हॉट्सॲप चालले, कॅमेरा काळा. आणि पीक पाहणीला हवा होता तोच. माझ्याकडच्या त्याच मॉडेलच्या दुसऱ्या फोनवर मात्र तो चालत होता. चार रात्री गेल्या. मग कर्नलची रोजनिशी ओळ ओळ वाचताना दिसले, की कंपनीने एकाच मॉडेलमध्ये दोन वेगवेगळ्या उत्पादकांचे कॅमेरे घातले होते. ज्या लॉटला जो मिळाला तो. मी दुसऱ्याच कॅमेऱ्याचे ब्लॉब घेऊन बसलो होतो. मावशीच्याच फोनच्या जुन्या प्रणालीची प्रत मी ठेवली होती. तिच्यातून योग्य तुकडे काढले आणि पडद्यावर तिच्या अंगणातली तुळस आली. त्या हंगामात तिने स्वतः शेतात उभी राहून तुरीचा फोटो घेतला.

आता काही कडू गोष्टी, कारण तुमच्यातली तरुण मुले आज रात्रीच हे करून पाहतील.

नवी प्रणाली घालण्यासाठी बूटलोडरचे, म्हणजे फोन सुरू करणाऱ्या छोट्या प्रोग्रामचे, कुलूप उघडताना फोनमधले सगळे पुसले जाते. लग्नाचे फोटो, आईचा आवाज, सगळे. उघडल्यानंतर बँकांची आणि पैसे पाठवण्याची काही ॲप चालायला नकार देतात, कारण फोनची तपासणी करणारी गूगलची व्यवस्था त्याला विश्वासू मानत नाही. चोरीला गेलेला उघडा फोन चोराला सोपाही जातो. शिवाय प्रणाली नवी झाली तरी मोडेमच्या बंद डब्यातली भोके तशीच राहतात. ती आम्हाला बुजवता येत नाहीत. तरी बाकीची बुजतात, आणि ते थोडे नाही. जुलै २०१५ मध्ये स्टेजफ्राइट नावाचे भोक उघडकीस आले. नुसता एक मल्टिमीडिया संदेश पाठवून फोनमध्ये शिरता येत होते. त्यानंतर गूगलने दर महिन्याला सुरक्षेच्या दुरुस्त्या द्यायला सुरुवात केली. सोडून दिलेल्या फोनला त्या मिळत नाहीत. बांधणारा जागा असेल तर मिळतात.

आणि कुणीही बांधलेली प्रणाली डोळे मिटून घेऊ नका. बांधणाऱ्याने ती आपल्या किल्लीने सही करायची असते. अँड्रॉइडच्या स्रोतासोबत सरावासाठी एक किल्ली येते, ती सगळ्या जगाकडे आहे. आळसाने तीच वापरलेली प्रणाली म्हणजे साऱ्या गावाकडे किल्ली असलेले कुलूप. जो स्रोत दाखवत नाही, त्याची प्रणाली मी माझ्या घरच्या फोनवर घालत नाही, मग ती कितीही देखणी असो.

बाहेरही वारे बदलते आहे. २०१७ पासून पोस्टमार्केटओएस नावाचा प्रकल्प फोनला दहा वर्षांचे आयुष्य मिळावे म्हणून अँड्रॉइड बाजूला ठेवून शुद्ध लिनक्स चालवतो आहे. आपल्या सरकारने २४ डिसेंबर २०२२ ला दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल सुरू केले. युरोपात २० जून २०२५ पासून नवा नियम लागू झाला आहे: मॉडेलची विक्री थांबल्यावरही किमान पाच वर्षे कंपनीने सॉफ्टवेअरच्या सुधारणा पुरवायच्या. असा नियम इथे झाला पाहिजे असे माझे स्पष्ट मत आहे. आणि त्याला आणखी एक कलम जोडावे: कंपनी हात काढून घेईल त्या दिवशी तिने बूटलोडरची किल्ली आणि फोनचे पूर्ण वर्णन उघडे करावे. गुरुजींच्या काळात तो कागद रेडिओसोबत फुकट येत होता.

स्टेशन रोडवरच्या त्या दुकानातल्या मुलाला मी नंतर भेटलो. फोन उघडण्यात त्याचा हात माझ्यापेक्षा कितीतरी हलका आहे. धुळीच्या कणाएवढा भाग तो श्वास रोखून बसवतो. डिव्हाइस ट्री त्याला कुणी दाखवला नव्हता, एवढेच. मी दाखवला. महिनाभरात त्याने एका बंद पडलेल्या टॅबलेटसाठी स्वतः पहिली प्रतिमा बांधली. वेलांटी कुठे पडते हे पाहायला तो त्यावर सगळ्यात आधी ‘जिंतूर’ लिहितो. ते त्याचे गाव आहे.

उद्या सकाळी दहा वाजता आम्ही दोघे याच सभागृहाच्या मागच्या खोलीत बसणार आहोत. ज्यांना यायचे त्यांनी जुना फोन, डेटा केबल आणि फोनचा अचूक मॉडेल क्रमांक लिहून आणावा. ज्या फोनवरून घरातले पैशांचे व्यवहार चालतात, तो कृपया आणू नये. फोटोंची प्रत आज रात्रीच दुसरीकडे काढून ठेवा. ईएफएसची प्रत आपण तिथे मिळून काढू. गुरुजींच्या घरच्यांनी त्यांचा एक रेडिओ त्या खोलीत ठेवायला दिला आहे. त्याचे मागचे झाकण उघडून ठेवतो, कागद अजून वाचता येतो.